भूत नंतर, आधी पाणी : एका भयकथेच्या पुनर्लेखनाचं प्रकरण

प्रकरण असं आहे. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला एक तरुण, पदवी घेऊन घरची शेती बघणारा, दिवाळी अंकासाठी भयकथा घेऊन आला. अंकाचं काम बघणारे आम्ही काही जण आलेली कथा आधी मोठ्यानं वाचून घेतो. भयकथेची तर याहून चांगली परीक्षा नाही. वाचन संपलं. "बरी आहे," असं सगळे म्हणाले आणि लगेच ज्याचे त्याचे मोबाइल बाहेर निघाले. मागच्या दाराकडे वळून बघावं असं कुणालाही वाटलं नाही.

कथेची सुरुवात अशी होती :

"अमावस्येची काळीकुट्ट रात्र होती. पडक्या गढीच्या बुरुजावर घुबड घुत्कारत होतं. रातकिड्यांच्या किर्र आवाजानं आसमंत भरून गेला होता. पिंपळाच्या पानांची सळसळ कुणाच्या तरी कुजबुजीसारखी वाटत होती. अचानक थंड वाऱ्याची झुळूक आली आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा उभा राहिला."

भाषा सराईत आहे, वाक्यं कुठं अडत नाहीत. पण पाच वाक्यांत पाच वेळा वाचकाला बजावलंय, की आता घाबरायचं आहे. अमावस्या, गढी, घुबड, पिंपळ, झुळूक. या खुणा दिसल्या की वाचक सावध होत नाही, उलट निवांत होतो. पांढऱ्या लुगड्यातली बाई येणार हे त्याला कळून चुकतं, आणि ती आलीही, पैंजण वाजवत. शिवाय पहिल्याच परिच्छेदात नायकाच्या अंगावर काटा आल्यामुळं वाचकाच्या अंगावर यायचा राहून गेला. नायक जितक्या लवकर घाबरतो, तितका वाचक मोकळा होतो.

दुसरी अडचण जागेची. त्या गढीत वाचकाला पाय ठेवायला ठिकाणच नव्हतं. ढाळज (दारालगतची बैठक) केवढी, आतला चौक कुठं, विहीर दारापासून किती लांब, काही उमगत नव्हतं. जे दार आपल्याला ठाऊक आहे, त्या दारातून काही आत आलं तर छाती धडधडते. दार कुठल्या बाजूला आहे हेच कळत नसेल तर नुसता गोंधळ होतो.

तिसरी गोष्ट बारीक होती, पण कथेला तिनंच सगळ्यात जास्त मारलं. कथा पौषातली, आणि रातकिडे किर्र करत होते. थंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा कधीकधी पाच-सहा अंशांवर उतरतो. औशाकडची रानंही त्या दिवसांत गारठलेली असतात. किड्यांच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. गारवा वाढेल तसं रातकिड्यांचं किरकिरणं मंदावतं आणि पुढं बंद पडतं. पौषातल्या मध्यरात्री रान मुकं असतं. आमच्यातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी हे लगेच पकडलं. रानातली रात्र ज्यानं काढलीय, त्या वाचकाचा विश्वास अशा एका वाक्यात उडतो आणि मग तो भुतावर विश्वास ठेवायला तयार होत नाही. मराठवाड्यात अशा रात्री काढलेले वाचक घरोघरी आहेत.

गढीबद्दल वेगळं बोलावं लागलं. ती गढी भूकंपात पडलेल्या जुन्या गावातली होती आणि पैंजण वाजवणारी बाई त्या भूकंपात गेलेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. नवी गावं वसली, जुनी तशीच काटेरी झुडपांत राहिली. त्या भागात आजही घराघरांत हार घातलेले फोटो आहेत. ज्यांचे फोटो भिंतीवर आहेत त्यांना पैंजण बांधून बुरुजावर नाचवायचं नाही, या मताचा मी होतो आणि आहे. लेखकानंही ते लगेच मान्य केलं. त्याच्या स्वतःच्या घरातही असा फोटो होता. पुढच्या खर्ड्यात जुनं गाव राहिलं, पण ओढ्याच्या पलीकडं दिसणाऱ्या काळ्या उंचवट्याइतकंच. तिथून काहीही येत नाही.

मग त्याला एकच विचारलं : रात्री तू एकटा कुठं असतोस?

तो म्हणाला, दारं धरायला. म्हणजे रानात पिकाला पाणी द्यायला.

शेतीपंपाची थ्री फेज लाइट चक्राकार पद्धतीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी, खोरं आणि घोंगडी घेऊन रानात जातो, मोटार सुरू करतो आणि गव्हाचा एकेक सारा, म्हणजे लांब वाफा, भिजवत पहाट करतो. साप, विंचू, रानडुक्कर, तुटलेली तार, थंडी, सगळं त्यातच. मराठवाड्यातला शेतकरी भीती म्हणून ज्याला ओळखतो ते बहुतेक सगळं या एका कामात आहे, आणि ते सोडून हा मुलगा बुरुजावरचं घुबड शोधत बसला होता. याचं मला खरंच वाईट वाटलं. त्याच्या हातात होतं ते साहित्य कुणाकडंच नव्हतं.

नवी कथा या कामावर उभी राहिली. पहिली दोन पानं फक्त पाण्याची. विहीर कुठं, तिच्याजवळच मोटेच्या काळातलं थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं कुंड, त्यात बोरीच्या काट्या आणि पाचोळा भरून ठेवलेला. थारोळ्यापासून पाट निघतो, उजव्या हाताला सारे, शेवटच्या साऱ्याच्या खाली ओढा. नायक साऱ्याचं दारं, म्हणजे पाणी आत शिरायचं तोंड, उघडतो, धुऱ्यावर (बांधावर) घोंगडी पांघरून पडतो आणि मोबाइलला पंचवीस मिनिटांचा गजर लावतो, कारण एक सारा भरायला तेवढाच वेळ लागतो. गजर वाजतो, तो उठतो, भरलेल्याचं तोंड बंद करून पुढचं उघडतो (यालाच दारं मोडणं म्हणतात), परत पडतो. पुन्हा गजर.

एक शिक्षक म्हणाले, हे कंटाळवाणं होईल. मला तसं वाटलं नाही. धास्ती निर्माण व्हायला वाचकाला आधी नेम शिकवावा लागतो. पंचवीस मिनिटं, गजर, खोरं, दारं. हे एकदा अंगात भिनलं की पुढं काही सांगावं लागत नाही. नेमात जरासा फरक पडला की वाचकच कान टवकारतो. मात्र नेम शिकवताना प्रत्येक फेरीत काहीतरी नवं कळायला हवं. म्हणून पहिल्या फेरीत जागा कळते, दुसरीत थंडी, तिसरीत पाणी कमी येतं म्हणून नायक पाटावर जातो तर उंदराच्या बिळातून पाणी मुरत असतं. तो चिखल भरून बीळ बुजवतो. ही साधी, खरी अडचण तिथं मुद्दाम ठेवली. एका विचित्र गोष्टीला साधं कारण सापडलं की वाचक पुढच्या गोष्टीलाही साधं कारण शोधत राहतो, आणि ते मिळायला उशीर होत गेला की ताण वाढत जातो.

त्यानंतरचा उतारा कथेचा खरा आरंभ आहे :

"गजर वाजला. तो उठला, खोरं घेतलं, दाराशी गेला. भरलेल्या साऱ्याचं तोंड बंद होतं. पुढच्या साऱ्यात पाणी चाललं होतं. बंद केलेला चिखल हातानं सारखा केल्यागत गुळगुळीत होता. झोपेत उठून आपणच मोडलं असंल, असं म्हणून तो परत येऊन पडला. पडल्यावर हात खोऱ्याला लागला. खोरं कोरडं होतं."

इथं ऐकणाऱ्यांत पहिली हालचाल झाली. पण हा उतारा एकट्याच्या जोरावर चालत नाही. त्याच्या कितीतरी आधी, जेवताना, आजी एक वाक्य बोलून गेलेली असते. घरच्या जुन्या सालगड्याची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याची, आठवण निघते आणि ती म्हणते, "मामा दारं मोडायचा तर खोरं लावायचा नाही. हातानं लिंपायचा, चुलीला पोतेरं केल्यावानी." एवढं बोलून ती तव्यावरची भाकरी उलटते आणि विषय निघून जातो. नायकाला ते आठवत नाही. वाचकाला आठवतं. या क्षणापासून वाचकाला नायकापेक्षा एक गोष्ट जास्त माहीत असते आणि तो गप्प बसून त्या पोराकडं बघत राहतो.

पहिल्या मांडणीत आजीचं हे बोलणं मोठं होतं. सालगडी कोण, कसा मेला, मालकानं काय अन्याय केला, सगळं तिनं पानभर सांगितलं होतं. ते तोडून तीन ठिकाणी पसरलं. लिंपण्याचं जेवताना. मरणाचं शेजारच्या म्हाताऱ्याच्या तोंडी, रानात जाताना वाटेत, तेही अर्धवट : १९७२ च्या दुष्काळात विहीर खोल करताना सुरुंग उडाला, त्यात गेला. तिसरा तुकडा आजोबांच्या हिशोबाच्या वहीतला. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. हिशोब तेव्हा चुकता होतो. हा माणूस माघात गेला. वहीत त्याच्या नावापुढं साल अपुरं म्हणून पैसे मांडलेलेच नाहीत. ही ओळ नायक दुपारी सहज वाचतो आणि वही मिटतो.

मला या कथेतलं सगळ्यात भारी वाटलं ते हेच. हे भूत सूड घ्यायला आलेलं नाही, साल पुरं करायला आलंय. काम करणाऱ्या माणसानं मेल्यावरही काम करत राहावं, इतकं शांतपणे, इतकं नीटनेटकं, आणि पाडवा जवळ येत जावा. शिव्याशाप देणाऱ्या हडळीपेक्षा ही गोष्ट कितीतरी जास्त छातीत बसते, कारण त्या वहीतला हिशोब गावोगावच्या वाड्यांत खरोखर राहून गेलेला आहे.

वातावरणाचं काम तीन गोष्टींवर सोपवलं : चंद्र, टिटवी आणि थंड हवा.

अमावस्या काढून कृष्ण पक्षातली अष्टमी घेतली. त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. म्हणजे अर्धी कथा अंधारात आणि अर्धी पूर्वेकडून येणाऱ्या तिरप्या उजेडात, लांब सावल्यांत. अंधारात कुणी नाही याला अर्थ नसतो, तिथं काहीही असू शकतं. चंद्र उगवल्यावर सगळं रान दिसतं, गहू गुडघ्याएवढा आहे, लपायला जागा नाही, आणि तिथं कुणी नाही हे स्वच्छ दिसतं. पाणी मात्र वळवलं जातंय.

टिटवी जमिनीवर राहणारा पक्षी, रात्री कुणी जवळून गेलं की ओरडत उठते. कथेत ती आधी नायकावरच ओरडते, तो पाटानं जाताना. तो दचकतो, शिवी घालतो. दुसऱ्यांदा तो जातो तेव्हा पुन्हा. आता टिटवी ओरडली म्हणजे कुणी चाललंय, हे वाचकाला पाठ झालं. मग नायक घोंगडीत पडलेला असताना ती विहिरीकडं ओरडते. थोड्या वेळानं मधल्या धुऱ्यावर. मग आणखी अलीकडं. पाऊल वाजत नाही, सावली पडत नाही. नुसता आवाज जवळ येतो. लेखकानं पहिल्यांदा इथं "जणू कुणी अदृश्य चालत येत होतं" असं वाक्य टाकलं होतं. ते काढल्याबरोबर परिच्छेद उभा राहिला.

थंड हवेचं कारण शास्त्राचं आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार असते. अशा वेळी आवाज वर निसटून न जाता खाली वाकतो आणि फार लांबवर ऐकू येतो. साखर कारखान्याचा भोंगा, डांबरी रस्त्यावरचे ट्रक, दुसऱ्या शिवारातला खोकला, सगळं उशाशी असल्यासारखं वाटतं. कथेत नायक आधी कारखान्याचा भोंगा ऐकतो आणि किती जवळ वाटतोय, असं मनाशी म्हणतो. त्यामुळं नंतर कुणीतरी खाकरलेलं ऐकू येतं तेव्हा ते दुसऱ्या शिवारातलं असेल, ही शक्यता खरी राहते. जुन्या धाटणीच्या भुताच्या गोष्टीत ही पळवाट शेवटपर्यंत उघडी ठेवतात. ती बंद केली की वाचक एक तर मानून मोकळा होतो नाही तर नाकारून.

आता कळसाकडं. रात्री दीडच्या सुमारास लाइट जाते.

"विहिरीतला आवाज थांबला. तो इतका वेळ चालू होता हे त्याला आत्ता कळलं. पाटातलं पाणी पुढं सरकत गेलं, पातळ झालं, थांबलं. बरं झालं, आता झोपू, असं त्याला वाटलं. मग पाटातून एक लोंढा आला. साऱ्यात पसरला. थांबला. त्यानं वाट बघितली. पुन्हा लोंढा आला. थांबला. पुन्हा."

हे वाचलं जात असताना निवृत्त तलाठी हळूच म्हणाले, "मोट." बसलेल्यांतल्या तरुणांना काही कळलं नाही, साठीच्या पुढचे दोघं मात्र एकदम ताठ बसले. मोटारीचं पाणी अखंड येतं. मोटेचं तसं नसतं. बैल धावेच्या उतारावरून उतरतात, नाडा ताणला जातो, चाक करकरतं, कातडी मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते, बैल मागं येतात, मोट परत खाली जाते. तेवढा वेळ पाट थांबतो. नायकाचा जन्म मोटेनंतरचा, त्याला हा ताल ओळखू येत नाही. तो नुसता मोजत बसतो. ज्यांनी मोट पाहिलीय त्यांना तालावरून मोट हाकणारा दिसतो.

यावर वाद झाला. तरुण वाचकाला कळणार नाही म्हणून चाकाचा करकर आवाज घालावा, असं काहींचं म्हणणं. मी विरोध केला. नायक आपल्या मोबाइलवर लोंढ्यांमधलं अंतर बघतो आणि सकाळी आजीला ते सांगतो, तेव्हा आजीच्या हातातलं काम थांबतं. ज्याला आधी कळलं नाही त्याला तिथं कळेल. थोडा उशीर चालतो. आवाज घातला असता तर म्हाताऱ्यांची गंमत गेली असती आणि तरुणांना आयतं मिळालं असतं. लेखकानं बराच विचार करून आवाज घातला नाही.

शेवटावरून मात्र खूप खेचाखेच झाली. लेखकाच्या मनात विहिरीतून वर येणारा, सुरुंगानं अर्धा उडालेला चेहरा होता. तो त्यानं फार मेहनतीनं लिहिला होता आणि सोडवत नव्हता. ॲन रॅडक्लिफ या इंग्रजी लेखिकेचा लेख तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापला गेला. त्यात तिनं धास्ती आणि भयाण दृश्य यांची फारकत केलीय : धास्तीनं मन पसरतं, जागं होतं; भयाण दृश्यानं ते आकसतं आणि गोठतं. दोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट औशाच्या रानात जशीच्या तशी लागू पडली. तो चेहरा आला की मोट, टिटवी, लिंपलेलं दारं, सगळं पुसलं जायचं आणि उरायची जखम. शेवटी चेहरा गेला. आता नायक चंद्रप्रकाशात विहिरीपर्यंत जातो, तिथं कुणी नसतं, आणि ज्या थारोळ्यात काट्या आणि पाचोळा होता ते धुऊन निघालेलं असतं. सकाळी आजी सगळं ऐकून घेते आणि विचारते, "पाडव्याला किती दिवस राहिलेत रं?"

नवा खर्डा वाचला तेव्हा "बरी आहे" असं कुणी म्हणालं नाही. एका बाईंनी वहीतली ओळ पुन्हा वाचायला लावली. त्यांच्या माहेरी सालगडी होता.

एक शंका मात्र बाहेरून आली. लेखकानं कथा गावातल्या एका जाणत्या शेतकऱ्याला वाचून दाखवली. त्यांनी भुताबद्दल चकार शब्द काढला नाही. ते म्हणाले, "लाइट गेली अन् आली असंल. आटो असंल तर मोटार आपसूक सुरू हुती. पाणी थांबून थांबून आलं त्यात काय नवल? लाइट ये-जा करत असंल." आक्षेप बिनतोड होता. स्टार्टरला ऑटो स्विच असला की लाइट येताच मोटार स्वतःहून चालू होते, आणि गावाकडं तो बहुतेकांकडं असतो.

दुरुस्ती एका वाक्यात झाली. पहिल्याच पानावर, भाकरी बांधून घेताना, नायक आईला सांगतो : "आटो जळालाय मागल्या आठवड्यात. लाइट गेली की मोटार बंदच पडती, हातानंच चालू करावी लागती. मला तिथंच ऱ्हावं लागंल."